कवडीचं पुढं काय झालं

…चिंचोक्याएवढं गोल तोंड, आणि ते निळ्यात.

बापूसाहेबांनी मोबाईल लांब धरला, मग नाकाजवळ आणला, मग धोतराच्या सोग्यानं काच पुसली – तडा गेलेला कोपरा नेहमीसारखा बोटाला चावला – पण तोंड होतं तिथंच राहिलं. सुकन्याचं तोंड, विमानतळावर काढलेला फोटो, केस वाऱ्यावर, हसू अर्धवट, जणू कुणीतरी मधेच हाक मारली होती. मघापर्यंत ते नकाशातल्या एका पांढऱ्या रस्त्यानं सरकत होतं, वळणं घेत, डोंगर चढत, आणि अंगाला अंग लावून दुसरं तसंच गोल तोंड. आता ते दुसरं पुढं निघून गेलेलं, पार नकाशाच्या कडेला, आणि हे एकटं मागं. चारी बाजूंनी निळं. नकाशातलं निळं म्हणजे काय, हे पळसदेवच्या माणसाला कुणी शिकवायला नको. उजनीचं पाणी वर येताना बघत बघत ज्यांनी स्वतःच्या घराचा उंबरा उपटून बैलगाडीत घातला, त्यांना तर…

नाही. तसं नसेल. माणूस पाण्यात गेलं तर मोबाईलही जातो, मोबाईल गेला की तोंड दिसत नाही. तोंड दिसतंय, म्हणजे मोबाईल कोरडा, म्हणजे पोरगी कोरडी. पण मोबाईल काठावर ठेवून पोरगी जर… मग मोबाईल तरी निळ्यात कसा? मग कुणीतरी तो मोबाईल उचलून नावेत बसून… हे असं. डोकं एकदा सुटलं की त्याला लगाम नाही. साऱ्या पंचक्रोशीला या डोक्यानं आजवर फुकट करमणूक पुरवली. भिगवणच्या बाजारापासून भवानीनगरच्या कारखान्याच्या गेटापर्यंत बापूसाहेबांची थाप त्यांच्या आधी पोचायची. उजनीत एकदा त्यांनी एवढा मोठा कटला मासा धरला होता म्हणे, की त्याच्या पोटातून बुडालेल्या चावडीचं कुलूप निघालं. पुढच्या वर्षी तीच गोष्ट सांगताना कुलपाबरोबर किल्ली निघाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तलाठी. लोक हसायचे, चहा पाजायचे. आणि आज तेच डोकं मालकाच्या अंगावर उलटलं होतं. आज ऐकणारे तेच, सांगणारेही तेच, आणि चहा कुणी देत नव्हतं.

"पोचली का वो, मामा?" आतून सारजाची हाक आली. सारजा त्यांची सून, सुकन्याची आई. ती धुण्याचं पिळून पिळून दोर करत होती, आवाजही तसाच पिळलेला.

"चाललीय," बापूसाहेबांनी मोबाईल मांडीवर पालथा घातला. "डोंगर उतरतीय."

"मघाशी बी डोंगरच उतरत हुती."

"मोठं डोंगर असत्यात तितलं. आपल्यावानी न्हाय, चढलं की लगी उतरलं. एका डोंगरावर चढाय निगालेली ज्वान पोर उतरताना म्हातारी होती."

"व्हय का," सारजा दारात आली, हात पदराला पुसत. "मग माझी लेक कवा उतरायची?"

ते हसले. तीही हसली, पण तिचे डोळे मांडीवरच्या पालथ्या मोबाईलवर होते. तिनं मागितला असता तर त्यांनी दिला असता… दिला असता? तिच्या स्वतःच्या मोबाईलला सकाळपासून रेंज नव्हती. म्हणजे रेंज होती, पण काल रात्री चार्जिंगला लावलेली वायर बापूसाहेबांनी पहाटे स्वतःच्या मोबाईलसाठी काढून घेतली होती. हे त्यांनी मुद्दाम केलं होतं का? असं मनाला विचारलं तर मन दुसरीकडे बघायचं.

ही पोरगी मातीचं शिकायला गेली. गावात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लोकांना तीच थाप वाटली होती – "माती शिकाय परदेशात? हितली काय संपली?" – आणि देश ऑस्ट्रिया असं सांगितलं तर सगळे ऑस्ट्रेलिया समजून क्रिकेटचं विचारू लागले. आयुष्यात पहिल्यांदा बापूसाहेब खरं बोलत होते आणि त्यांना पुरावा मागितला जात होता. बारामतीच्या कॉलेजात तिच्या वर्गातली स्वरदा, दत्तोपंतांची मुलगी, तीही तिथंच गेली. दोघींनी एकाच खोलीत राहायचं, एकाच कुकरमध्ये भात लावायचा. आज त्यांच्या वसतिगृहाची सहल होती, वेगवेगळ्या देशांची पोरं एका बसमध्ये घालून शेजारच्या देशात, इटलीत. स्वरदाच्या आईनं, मालतीबाईंनी, दोन्ही घरांचा एक ग्रुप केला होता, 'लेकी कुठे पोचल्या', आणि त्यात दोघींनी आपापली जागा दाखवणारं बटण दाबून ठेवायचं, असा हुकूम काढला होता. म्हणून ती दोन तोंडं. सकाळी शिळी भाकरी दुधात मोडतानाही बापूसाहेब ती बघत होते, बघत होते म्हणजे राखत होते. दोन तोंडं, एक कळप. पुढं चाललंय ना? चाललंय. अंग धरून आहेत ना? आहेत.

आणि मग एक थांबलं.

त्यांच्या घरात मेंढरं मोजायची पद्धत नव्हती. मोजलेली मेंढरं घटतात, असं वडील म्हणायचे. वडिलांना मेंढपाळांचा सारा तळ तात्या म्हणायचा. तात्या ओढ्यापलीकडे उतारावर काठी टेकून उभे राहायचे, सगळा कळप समोरून जाऊ द्यायचे, ओठ हलवायचे नाहीत की बोट उचलायचे नाहीत, आणि शेवटचं मेंढरू गेलं की म्हणायचे, भुंड्या मेंढीच्या मागं आज जागा रिकामी दिसली. मेंढरू दिसत नसे, त्याची जागा दिसे. बापूसाहेबांना आता तशीच जागा दिसत होती. स्वरदाच्या तोंडाच्या शेजारी, पांढऱ्या रस्त्यावर, चिंचोक्याएवढी.

…कवडी.

आठवायची नव्हती तर नेमकी तीच मेंढी. पण ती कालपासून, कालपासून कशाला, गेल्या शनिवारपासून, घरात मोकळी सुटली होती. सारजा भाकरी थापतानाही ती चुलीशी बसलेली, रवंथ करत. गेल्या शनिवारी सुकन्याचा फोन आला, नेहमीच्या ग्रुपवर नाही, एकट्या बापूसाहेबांना.

"आबा, हितल्या आमच्या मॅडम म्हणत्यात, पुढं चार वर्षं ऱ्हा. मातीतलीच डॉक्टरकी कर. ह्या न्हाय, त्याच्या पुढल्या सोमवारी सांगायचंय त्यास्नी."

"मग? नागेशला सांगितलंस?"

"न्हाय. पप्पा व्हय म्हणत्याल. मग आई रडंल. आई रडली का पप्पा न्हाय म्हणत्याल. मग परत माझ्या तोंडाकडं बघून व्हय म्हणत्याल. मला कळाय पायजे आधी मला काय म्हणायचंय."

"तुला काय म्हणायचंय?"

 मग म्हणाली, "आबा, एक सांगा. कवडीचं पुढं काय झालं?"

"कुठली कवडी?"

"येड घेऊ नगा. घाटात राहिलेली. आणि थाप न्हाय पायजे. खरं काय झालं ते सांगा."

"…लई जुनं हाय ते. आठवावं लागंल."

"मग आठवा. पुढल्या शनवारी इटलीत गेल्यावर तितनं फोन करते. तवर आठवून ठेवा."

आज शनिवार. आठवायचं काय त्यात! आठवण तर ओसरीवर येऊन बसली होती, फक्त तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बापूसाहेब बघत नव्हते. कारण या गोष्टीचे शेवट त्यांच्याकडे खंडीभर. लहानगी सुकन्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची, तिचा हुंकार ठरलेला. वाक्याला एक 'हं', हुंकार चुकला की आबा गोष्ट होती तिथं सोडून देणार, मग तिनं पाय धरायचे. त्या मांडीवरच्या गोष्टीत कवडी पुढच्या वर्षी त्याच वळणावर दोन कोकरं घेऊन कळपात येऊन लागली, जशी काय मधे तंबाखू खायला थांबली होती. शाळेच्या गॅदरिंगला सांगितली त्यात ती कळपाच्या आधीच एकटी घाट उलटा चढून घरी पोचलेली, दारात रवंथ करत, चेहऱ्यावर भाव असा की एवढा उशीर? आणि नावेतून धरणात बुडालेल्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर बघायला येणाऱ्या पुणेकरांसाठी एक बिबट्याची होती. त्यात बिबट्या कवडीवर असा भाळला की त्यानं मांस सोडलं. शेवट पाहिजे तो घ्या. पण खरा…

फोन वाजला. त्यांनी मांडीवरचा मोबाईल उलटून बघितला. सुकन्या नव्हे, दत्तोपंत.

"नमस्कार, बापूसाहेब. घाबरण्यासारखं काही नाही बरं का," दत्तोपंतांनी सुरुवातच अशी केली की माणसानं घाबरावं. दत्तोपंत बारामतीला विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. कुठल्याही वाक्याला शेवटी सही मागतील अशा सुरात बोलायचे. "स्वरदाचा फोन आला होता. मंडळी पुढच्या गावी जेवायला गेली. तुमची सुकन्या मधे थांबली. म्हणाली, मी मागच्या बसनं येते, तुम्ही चला. त्या तळ्यापाशी."

"तळ्यापाशी का तळ्यात?"

"अं?"

"नकाशात तळ्यात हाय ती."

"अहो, नकाशात थोडं इकडेतिकडे होतं. पण माझं म्हणणं असं, की ग्रुपबरोबर गेल्यावर ग्रुपबरोबर राहावं. नियम असतात ना काही…" मागून मालतीबाईंचा आवाज आला – द्या इकडे – आणि फोन त्यांच्या हातात गेला.

"बापूसाहेब, मी बोलतेय. ह्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ह्यांना मी भाजी आणायला पाठवलं तरी ग्रुपनं जातात. पोरगी चांगली आहे, येईल. पण खरं सांगू का…" आवाज खाली आला, मोबाईलवर हात ठेवल्यासारखा. "आमच्या थोरल्या मोहितच्या वेळीही अशीच सुरुवात झाली. असाच एका सहलीला मागे थांबला होता, कुठलं तरी जंगल बघायला. मग नोकरीला थांबला. मग थांबलाच. आता फोटोत दाढी दिसते तेवढी. आणि स्वरदानं तर परवा सांगूनच टाकलं – आई, मी तिकडेच. एका वाक्यात. मला वाटलं होतं, निदान हिला सांगताना अडखळायला होईल."

बापूसाहेबांना काहीतरी बोलायचं होतं. एरवी बायामाणसांचं मन हलकं करायला त्यांच्याकडे एक से एक गोष्टी असायच्या. जिभेच्या टोकाला एक आलीही, विम्याचा हप्ता भरायला आलेल्या भुताची, दत्तोपंतांच्या ऑफिसातली म्हणून खपली असती. पण ती तिथंच बसून राहिली.

"अडखळणं बी बरं नसतं, वैनी," एवढंच ते म्हणाले, आणि मग आपण काय बोललो याचंच त्यांना नवल वाटत राहिलं.

फोन ठेवला तेव्हा सारजा उंबऱ्यात उभी होती. कधीपासून? मोबाईलमधला आवाज तिथवर जायचा.

"कोण मागं राहिलं?" तिनं विचारलं.

"मेंढरू," बापूसाहेब म्हणाले आणि उठले. "जुनी गोष्ट. दत्तोपंतास्नी सांगत हुतो."

"तुमी न्हाय सांगत हुता. तुमी ऐकत हुता."

या घरात त्यांची थाप पकडणारी दोनच माणसं. एक तिकडे निळ्यात, एक उंबऱ्यात. ते चपला पायात सरकवत "वैरणीचं बघून येतो" म्हणाले. "ह्या उनात?" असं तिनं विचारलं तोवर ते बांधापलीकडे होते.

मे महिन्याचं ऊन, पण थांबवेना. ओसरीवर बसलं तर मोबाईल बघावा लागत होता आणि मोबाईल बघितला तर निळं. चालताना तो खिशात तरी राहतो, म्हणजे राहायला हवा. पण दर शेताला एकदा हात खिशाकडे जायचाच. पाणी केव्हाच मागं हटलं होतं. उजनी उतरली की काठाकाठानं गाळाची जमीन उघडी पडते, गाळपेर. तीत लोक दोन-अडीच महिन्यांचं वैरणीचं पीक घेतात, मका टाकतात, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की पिकासकट परत देऊन टाकतात. बापूसाहेबांचा तुकडा जुन्या गावाच्या वाटेवरच होता. त्यांच्याच वडिलांच्या बुडालेल्या रानाचा एक फाळका. दरवर्षी थोडे दिवस भेटायला वर यायचा. पलीकडे पळसनाथाचं शिखर पाण्यातून छातीपर्यंत बाहेर आलं होतं. त्याच्याकडे नावा चालल्या होत्या.

"बापूसाहेब!" गेणूनं नावेतून हाक मारली. गेणू मासेमारीचा, उन्हाळ्यात नावेत मासे कमी आणि पुणेकर जास्त. "या की! मान्सं म्हणत्यात, तुमची ती बिबट्याची गोष्ट ऐकायची हाय. मीच सांगाय लागलो पर माझा बिबट्या मांस खातोय."

नावेतली माणसं हसली. रंगीत टोप्या, काळे चष्मे. बापूसाहेब काठावर थांबले. एरवी एवढं आयतं गिऱ्हाईक…

"माझी नात," ते म्हणाले, "इटलीत तळ्यात उभी हाय. आत्ता. ह्या घटकेला."

"आली गाडी रुळावर!" गेणूनं वल्हं थोपटलं. "पाण्यावर का पाण्यात?"

"तेच कळंना झालंय."

सगळी नाव हसली. त्यातली एक बाई मात्र हसता हसता पुढं वाकली, लहान पोरीसारखी, आणि म्हणाली, "मग? मग काय झालं?"

बापूसाहेबांनी तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात हजारदा ऐकला होता आणि दर वेळी त्याच्यावर पाय ठेवून ते पुढच्या वाक्यात उडी मारायचे. आज पायाखाली काही लागेना. ते नुसते उभे. गेणूला वाटलं, म्हातारा ताणून धरतोय, तो खुशीत येऊन म्हणाला, "बगा, ह्येला म्हणत्यात हातखंडा!" आणि नाव गेली.

मका गुडघ्याला लागत होता. आत शिरून ते मधोमध उभे राहिले, पानं खरखरली. खाली गाळाला भेगा पडलेल्या, भेगांत शिंपले. त्यांनी मोबाईल काढला. उन्हात काच नुसती काळी दिसत होती. शर्टाची सावली केली. सुकन्याचं तोंड तिथंच. त्याला जरा मोठं करावं, खाली कुठं रस्ता, पायवाट, पूल, काहीतरी असेल, म्हणून दोन बोटांनी ताणायला गेले आणि घामानं बोट कुठल्या तरी बटणावर घसरलं. नकाशा सरसर पळाला, देशच्या देश मागे पडले, आणि थांबला तेव्हा समोर परत निळं. त्यात एक ठिपका. तोंड नाही, फोटो नाही, नुसता थरथरता ठिपका. शेजारी लिहिलेलं होतं, वाचायला डोळे बारीक करावे लागले: भीमा. ठिपका म्हणजे… आपण. आपण स्वतः. भर उजनीत, काठापासून लांब, पुरुषभर पाण्याखाली!

त्यांनी पायाकडे बघितलं. चपलेत धूळ. मक्याच्या पानावर एक टोळ बसला होता, त्याचेही पाय कोरडे.

आणि मग त्यांना हसू फुटलं. एकट्यानं, मक्यात, एवढं की शेजारच्या तुकड्यातली ढोकरी उडाली. अरे, नकाशा भरल्या पाण्याचा! नकाशाला उन्हाळा ठाऊक नाही! त्याच्या लेखी आपण गेली कैक वर्षं दर उन्हाळ्यात बुडून मका पेरतोय. तिकडेही तळं उतरलं असेल, तिकडेही कुणाची तरी जमीन थोडे दिवस वर आली असेल, आणि तिच्यावर ती उभी आहे, माती बघत. माती शिकायला गेलेली पोरगी उघड्या पडलेल्या तळावर उभी राहणार नाही तर काय करेल? वाकली असेल, मूठभर उचलून वास घेतला असेल. लहानपणी याच रानात घ्यायची… पोरगी बुडाली नाही. हरवली नाही. कुणी मागं टाकली नाही.

हसू ओसरलं, आणि त्याच्या खाली जे उघडं पडलं ते बघून बापूसाहेब बांधावर बसले.

बुडाली नाही, हरवली नाही, टाकली नाही. म्हणजे स्वतःच्या पायानं थांबली. बुडण्याची भीती परवडली. तिच्यात धावपळ तरी होती, कुणाला तरी फोन, कुणावर तरी खापर. हे नुसतं थांबणं… याच्यावर काय करायचं असतं? सोमवारी ती काय सांगणार ते तिला आत्ता, या घटकेला, तिथं उभं राहून कळतंय की काय? आणि मला विचारणार. माझ्या एका वाक्यावर. कवडी परत आली म्हटलं तर माझ्या तोंडानं पोरीच्या गळ्यात दावं. तिकडेच सुखात राहिली म्हटलं तर… तर सारजाचा उंबरा सुना. मी का? मला कुणी कधी खरं विचारलंय? खऱ्याची सवय नाही मला, चष्मा लागतो त्याला… वरंधा घाट. हं, वरंधाच. दिवाळीनंतरची थंडी, कोकणात उतरताना. मी शेपटाला, कळपाच्या मागं, हातात शिमटी, नाक वाहतंय. तात्या पुढं. कवडी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची, थांबली. ओढ्याच्या वर एक हिरवा तुकडा होता, तिथं. मी तात्यांना हाक मारली. तात्यांनी लांबून बघितलं, आणि नुसता हात केला – चल. उतरणीला कळप थांबवता येत नाही. मी चाललो आणि मागं बघत चाललो, आणि ती…

ती ओरडत होती. सगळ्या गोष्टींत ओरडते. बें… असा आवाज बापूसाहेब इतका हुबेहूब काढायचे की एकदा इंदापूरच्या एस. टी. स्टँडवर खरी मेंढी वळून बघायला आली होती. सगळा घाट दणाणायचा त्या ओरडण्यानं, पोरं रडायची, सुकन्या मांडीत तोंड लपवायची. शेवट बदलला तरी ओरडणं ठरलेलं. आता मक्यात बसून त्यांनी मनातल्या मनात तो आवाज काढायला बघितला, आणि तो कुठून आला होता तेच सापडेना. घाट होता, थंडी होती, तात्यांचा हात होता. आवाज नव्हता. पाण्याचा होता, ओढ्याचा, बाकी… कवडीची मान खाली होती. ती चरत होती. मी मागं बघितलं तेव्हा चरत होती, आणखी पुढं जाऊन बघितलं तेव्हाही, शेवटच्या वळणावरून बघितलं तेव्हाही तिची पाठ तेवढी दिसली, उन्हात, ठिपक्यांची. तिनं एकदाही वर बघितलं नाही. रडत मी होतो.

मोबाईल हातातच वाजू लागला. कोपरा बोटाला चावला. तेच गोल तोंड, आता काचभर.

"आबा? ऐकू येतंय का? वारं लई हाय."

"येतंय."

"सगळी पुढं गेली. मी थांबलीय."

"दिसलं."

"भ्याला का काय?"

"मी? हट्!" आणि मग, कोण जाणे का, "…जरा. तू निळ्यात दिसत हुतीस."

ती हसली. वारं तिच्या हसण्यातून गेलं. "आबा, हितं तळ्याचं पाणी सोडलंय, सारा तळ उघडा हाय. आन् मधी एक मनोरा हाय, चर्चचा. खालतं गाव हुतं, धरणात गेलं. मनोरा तेवढा राहिलाय. मी त्याच्या बुडाशी उभी हाय, हात लावून. तुमी कुठं हाय?"

"मक्यात. म्होरं पळसनाथ हाय."

"खरं?"

"खरं."

  समोर गेणूची नाव शिखराला फेरी मारत होती. तिकडे कुणाची तरी पावलं गाळात वाजत होती, की तिचीच.

"आठवलं का, आबा?"

तीन शेवट जिभेपाशी येऊन उभे राहिले, अंघोळ करून, तेल लावून, आज्ञेची वाट बघत. दोन कोकरं. दारातलं रवंथ. बिबट्यासुद्धा.

"ती रडत न्हवती," बापूसाहेब म्हणाले.

"कोण?"

"कवडी. रडत न्हवती. चरत हुती." त्यांनी मक्याचं एक पान तोडलं. "मी वळून वळून बगितलं. तिनं काय वर बगितलं न्हाय."

"मग?"

"मग वळण आलं."

"आन् पुढं?"

"पुढचं मला ठाव न्हाय, पोरी. मी वळणाच्या हिकडं हुतो."

वारं. खूप वारं. त्यांना वाटलं, फोन गेला. कानापासून काढून बघितलं तर तोंड होतं, हसू अर्धवट, तसंच. ती रडते आहे का? हसते आहे का? आपण काय बोलून बसलो? ये म्हणालो की राहा? की नुसताच दोर सोडून दिला आणि टोकाला काय बांधलंय ते बघितलंही नाही? मागे घ्यावं, अजून वेळ आहे, एक वाक्य, एकच…

"आबा," ती म्हणाली. आवाज वेगळा होता, लांबचा नाही, उलट फार जवळचा, मांडीवर डोकं ठेवून वर बघितल्यासारखा. "मी सांगू पुढचं?"

बापूसाहेबांनी तोंड उघडलं. आतून सगळं धावत आलं, सल्ला, थाप, शपथ, सारजाचं नाव. त्या सगळ्याला त्यांनी ओठांच्या आत तसंच उभं धरलं, उतरणीला कळप धरावा तसं. आणि उतरणीला कळप धरता येत नाही हे माहीत असूनही धरलं.

"सांग."

"कळप गेला," ती म्हणाली, "आन् कवडीनं मान वर केली…"

ती थांबली. ती कशासाठी थांबली ते त्यांना पटकन कळलं नाही. मक्याची पानं हलली. पुढं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मोबाईल दोन्ही हातांनी धरून ते शिखराकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, ती कशाची वाट बघतेय.

"हं," बापूसाहेब म्हणाले.